पायाच्या अंगठ्याचा संधिवात : दुखणे एक, आजार अनेक

गुडघा किंवा कंबर दुखू लागली की माणूस आज ना उद्या डॉक्टरकडे जातो. पायाच्या अंगठ्याच्या वाट्याला ते भाग्य नाही. अंगठ्याच्या बुडाचा सांधा दुखू लागला तर ‘ठेच लागली असेल’ म्हणून पहिले काही महिने जातात, ‘वात धरला’ म्हणून पुढची काही वर्षे जातात आणि अलीकडे त्यात ‘युरिक ॲसिड वाढले’ या निदानाची भर पडली आहे. वणीसारख्या गावात, जिथे उदरनिर्वाहच पायांवर अवलंबून आहे, तिथे हे दुर्लक्ष महागात पडते. राजूर, उकणी, कोलारपिंपरी, नीलजई या परिसरातील कोळसा खाणींत पोलादी टोपणाचे जड बूट घालून पाळी करणारा कामगार असो, चुनाभट्टीवर ओझे वाहणारा मजूर असो, की कपाशीच्या तासात दिवसभर वाकून वेचणी करणारी बाई असो, प्रत्येक पावलाला शरीराचा भार पुढे ढकलण्याचे काम हा एकच सांधा करतो. तो दुखावला तर मजुरी बुडते.

त्याहून गंभीर बाब अशी, की या सांध्याला होणारे आजार एक नाहीत. त्यांपैकी दोन प्रमुख आजार बाहेरून सारखे वाटले तरी त्यांची कारणे वेगळी, उपचार वेगळे आणि चुकीच्या उपचाराचे परिणामही वेगळे आहेत. एकाला वर्षानुवर्षे गोळी घ्यावी लागते. दुसऱ्याला तीच गोळी काडीचाही उपयोग करीत नाही. म्हणून औषधाआधी निदान, हा क्रम येथे फार महत्त्वाचा ठरतो.

रहाटासारखा सांधा

तळपायातील पहिले लांब हाड आणि अंगठ्याचे पहिले हाड जिथे मिळतात, तो हा सांधा. दोन्ही हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. सांध्याच्या खाली वाटाण्याएवढी दोन लहान हाडे स्नायूंच्या दोऱ्यांत बसविलेली असतात. ती कप्पीसारखे काम करतात. चालताना टाच उचलली जाते त्या क्षणी अंगठा जमिनीवरच राहतो आणि बुडाशी वरच्या दिशेने वाकतो. तसे होताना तळपायातील जाड पट्टा ताणला जाऊन पायाची कमान घट्ट होते. विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला की बादली वर येते, तशीच ही क्रिया आहे. जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली या यंत्रणेचे वर्णन करताना रहाटाचीच उपमा दिली होती.

निरोगी माणसात हा सांधा वरच्या बाजूला साधारण ६५ ते ७५ अंश वाकतो. सपाट रस्त्यावर सावकाश चालायला त्याहून कमी वाक पुरतो. पण चढण चढताना, धावताना, चवड्यांवर उकिडवे बसताना किंवा निंदण करीत बसल्या बसल्या पुढे सरकताना जवळजवळ पूर्ण वाक लागतो. त्यामुळेच शेतात बसून काम करणाऱ्यांना या सांध्याचा ताठरपणा लवकर जाणवतो. खुर्चीवर काम करणाऱ्याला तो बराच काळ कळतही नाही.

पहिला आजार : ताठर अंगठा

कूर्चेची झीज होऊन सांधा हळूहळू आखडत जातो, त्या आजाराला वैद्यकात ‘हॅलक्स रिजिडस’ म्हणतात. साध्या शब्दांत सांगायचे तर ताठर अंगठा. १८८७ साली इंग्लंडमधील डेव्हिस-कॉली या शल्यचिकित्सकाने त्याचे वर्णन केले. म्हणजे हा आजार काही आजकालचा नव्हे. गुडघ्यात होते तशीच ही झीज असते. पायाच्या सांध्यांपैकी झिजेचा संधिवात सर्वाधिक आढळतो तो याच सांध्यात.

कारण प्रत्येक वेळी सापडतेच असे नाही. अंगठ्यावर जड वस्तू पडणे, जोराची ठेच लागून सांध्याच्या आत इजा होणे हे एक कारण. घराण्यात हा त्रास असणे हे दुसरे. अशा रुग्णांत तो बहुधा दोन्ही पायांना होतो. पहिल्या हाडाच्या डोक्याची ठेवण चपटी असणे हेही एक कारण मानले जाते. अनवाणी चालल्याने किंवा थंड पाण्यात उभे राहिल्याने हा आजार होतो, या समजुतीला आधार नाही.

लक्षणे सावकाश उमटतात. प्रथम फक्त लांब चालल्यावर दुखते. मग पाऊल उचलताना, नेमका भार पुढे जाताना कळ येते. सांध्याच्या वरच्या बाजूला हाडाचा उंचवटा हाताला लागू लागतो. बुटाचा वरचा भाग त्यावर घासून तिथे लाली येते. दुखू नये म्हणून माणूस नकळत पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालू लागतो आणि मग गुडघा व कंबर तक्रार करू लागतात. जुनी चप्पल उलटी करून पाहिली तर बाहेरची कडच अधिक झिजलेली दिसते. ही साधी खूण अनेकदा रुग्णाच्या सांगण्यापेक्षा जास्त बोलते.

याच सांध्याची आणखी एक विकृती म्हणजे अंगठा शेजारच्या बोटांकडे कलणे आणि आतल्या बाजूला गाठ येणे. तिला ‘हॅलक्स व्हॅल्गस’ म्हणतात. ताठर अंगठ्यात उंचवटा वर असतो, येथे तो आतल्या कडेला असतो. दोन्हींची गल्लत पुष्कळदा होते.

दुसरा आजार : गाऊट

दुसरा आजार अगदी वेगळ्या स्वभावाचा. रात्री माणूस धडधाकट झोपतो आणि पहाटे अंगठ्याच्या भयंकर ठणक्याने जागा होतो. सांधा लालबुंद, गरम, तुकतुकीत सुजलेला. पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. चोवीस तासांच्या आत वेदना शिगेला पोचते आणि आठवडा-दोन आठवड्यांत, काही केले नाही तरी, ओसरते. हा गाऊट. रक्तातील युरिक ॲसिड एका मर्यादेपलीकडे, म्हणजे दर डेसिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचू शकतात. शरीरातील पांढऱ्या पेशी त्या स्फटिकांवर तुटून पडतात, त्यातून हा भडका उडतो. पायाचे टोक शरीराच्या इतर भागांपेक्षा थंड असते आणि थंडाव्यात स्फटिक लवकर बनतात, म्हणून पहिला हल्ला सुमारे निम्म्या रुग्णांत अंगठ्याच्याच सांध्यात होतो. पुरुषांत तो बहुधा मध्यम वयात, स्त्रियांत पाळी थांबल्यानंतर दिसतो.

आपल्याकडे या आजाराची ओळख जुनी आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील एकोणतिसावा अध्याय ‘वातरक्ता’वर आहे आणि हात-पायांच्या सांध्यांपासून सुरू होणाऱ्या या व्याधीचे तिथले एक नाव ‘आढ्यवात’, म्हणजे धनवानांचा वात, असे आहे. युरोपातही तो राजांचा आणि सरदारांचा रोग समजला जाई. जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने १७९९ साली पायाच्या अंगठ्यात दात रुतवून बसलेला काळा राक्षस काढून त्याची वेदना अमर करून ठेवली. आता तो कुणा एका वर्गाचा राहिलेला नाही. मूत्रपिंडाचा विकार, वाढलेले वजन, दारू, साखर घातलेली शीतपेये आणि रक्तदाबासाठी दिली जाणारी लघवी वाढविणारी काही औषधे या साऱ्यांमुळे युरिक ॲसिड वाढते. क्षयरोगाच्या उपचारातील पायराझिनामाइड या गोळीनेही ते वाढते आणि सांधे दुखू शकतात. मात्र त्या कारणाने क्षयाची औषधे स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे. डॉक्टरांना सांगणे एवढेच रुग्णाचे काम.

हल्ला आपोआप ओसरतो, हा गाऊटचा गुण रुग्णाच्या मुळावर येतो. दहाव्या दिवशी बरे वाटले की श्रेय शेवटी घेतलेल्या पुडीला, काढ्याला किंवा मंत्राला मिळते. आजार मात्र आतच राहतो. पुढचा हल्ला सहा महिन्यांनी, त्यापुढचा तीन महिन्यांनी येतो आणि काही वर्षांनी सांध्याभोवती, कानाच्या पाळीवर, कोपरावर खडूसारख्या गाठी दिसू लागतात. त्या वेळेपर्यंत हाडे पोखरली गेलेली असतात.

या दोहोंपैकी अधिक आढळणारा कोणता? महाराष्ट्रातील ग्रामीण भागापुरते एक चांगले उत्तर उपलब्ध आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारातील सांधेदुखी पाहणी सुरू झाली. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या या घरोघर पाहणीत सुमारे १८ टक्के लोकांना सांध्या-स्नायूंचे दुखणे होते. झिजेचा संधिवात सहा टक्क्यांच्या आसपास, तर गाऊट हजारी एकाच्या घरात आढळला. झिजेच्या आकड्यात मोठा वाटा अर्थातच गुडघ्यांचा आहे आणि पाहणीलाही आता बरीच वर्षे झाली. तरीही दुखरा अंगठा दिसताच गाऊटचा शिक्का मारणाऱ्यांनी हे प्रमाण ध्यानात घ्यायला हवे.

निदान : हात, उभ्याने एक्स-रे आणि सुई

निदानाची सुरुवात दोन प्रश्नांनी होते. दुखणे अचानक येऊन पूर्ण जाते, की रोज प्रत्येक पावलाला असते? आणि मधल्या काळात अंगठा मोकळा वाकतो का? हल्ला येऊन गेल्यावर सांधा पूर्ववत होत असेल तर कल गाऊटकडे. हल्ला असा नाहीच, पण अंगठा महिन्यागणिक आखडत चालला असेल तर कल झिजेकडे. दोन्ही आजार एकाच सांध्यात एकत्र नांदू शकतात, ही गोष्ट मात्र विसरता येत नाही. झिजलेल्या सांध्यात स्फटिक साचण्याची शक्यता उलट वाढते.

यानंतर तपासणाऱ्याचा हात. डॉक्टर रुग्णाला उभे करून, चालवून पाहतात. मग अंगठा वर-खाली वाकवून किती अंश हलतो ते मोजतात. ताठर अंगठ्याची जी प्रतवारी २००३ साली कॉफलिन आणि शर्नास यांनी मांडली, ती आजही वापरात आहे. तीत शून्य ते चार अशा पायऱ्या आहेत. वरचा वाक ३० ते ४० अंशांपर्यंत उरला तर पहिली पायरी, १० ते ३० अंश उरला तर दुसरी, दहाच्याही खाली गेला तर तिसरी. चौथीत हालचाल तिसरीइतकीच कमी असते, पण मधल्या टप्प्यातही, हलके हलवितानाच दुखते. म्हणजे कूर्चा जवळपास संपलेली असते. शस्त्रक्रियेचा प्रकार पुढे या पायरीवरच ठरतो.

एक्स-रे उभ्याने, पायावर भार देऊन काढलेला हवा. झोपवून काढलेल्या चित्रात सांध्यातील फट प्रत्यक्षाहून रुंद दिसू शकते. समोरून आणि बाजूने अशी दोन्ही चित्रे लागतात, कारण वरच्या बाजूचा हाडाचा काटा बाजूच्या चित्रातच स्पष्ट दिसतो. रुग्णाने एक्स-रे काढताना ‘उभ्याने काढायचा का’ एवढे विचारले तरी पुष्कळदा दुसरी फेरी वाचते. गाऊटच्या पहिल्या काही वर्षांत एक्स-रे बहुधा निर्दोष असतो. पोखरलेल्या कडा उशिरा दिसतात. स्वच्छ एक्स-रे म्हणजे गाऊट नाही, असा अर्थ काढता येत नाही.

सर्वाधिक गोंधळ होतो तो रक्ताच्या तपासणीत. युरिक ॲसिडचा आकडा सात किंवा आठ आला म्हणजे गाऊट, ही समजूत आता गावोगाव पोचली आहे. वस्तुस्थिती अशी, की आकडा वाढलेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यात कधी गाऊट होत नाही. उलट, ऐन हल्ल्याच्या वेळी तपासणी केली तर काही रुग्णांत आकडा चक्क सामान्य येतो. म्हणून हल्ला ओसरल्यानंतर निदान दोन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते. केवळ कागदावरचा आकडा वाढलेला आहे, दुखणे काहीच नाही, अशा व्यक्तीला गोळ्या सुरू करू नयेत, अशीच शिफारस अमेरिकेतील संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत केली आहे.

पक्के निदान होते ते सुईने. सुजलेल्या सांध्यातून थेंबभर पाणी काढून ते ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की युरेटचे सुईसारखे स्फटिक चमकताना दिसतात. १९६१ साली मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी दाखवून दिलेली ही पद्धत आजही कसोटी मानली जाते. ती सोय सर्वत्र नसते, हे खरे. मोठ्या शहरांत सोनोग्राफी आणि विशिष्ट प्रकारचे सीटी स्कॅन यांची मदत घेतली जाते. पण सांध्यातील पाणी काढण्याचा आणखी एक उपयोग आहे आणि तो जिवावरचा आहे : जंतुसंसर्ग ओळखणे. ताप, थंडी आणि लाल सुजलेला सांधा एकत्र आले तर तो सांध्यात पू झाल्याचा प्रकार असू शकतो. त्यात तासागणिक कूर्चा नष्ट होते. अशा वेळी रक्ताच्या अहवालाची वाट पाहत घरी बसणे योग्य नाही.

मधुमेही रुग्णांची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असते. फारसे न दुखता पाय लाल, गरम आणि सुजलेला असेल तर जखमेचा संसर्ग किंवा ‘शार्को’ नावाचा हाडे खचविणारा विकार असू शकतो. गरम विटेचा शेक, गरम पाण्याची पिशवी, उकळता लेप यांनी बधिर पाय भाजतो आणि कळतही नाही. याशिवाय आमवात, सोरायसिससोबत येणारा संधिवात, चिकुनगुनिया यांतही पायाचे लहान सांधे दुखतात. मात्र तेव्हा बहुधा इतर सांधेही सोबतीला असतात.

ताठर अंगठ्याचा उपचार चपलेपासून

झिजलेली कूर्चा परत आणणारे औषध नाही. तरीही अनेक रुग्णांचे शस्त्रक्रियेवाचून उत्तम चालते आणि त्याचे श्रेय पादत्राणाला आहे. सांधा वाकला की दुखतो. तेव्हा तो वाकूच नये असा तळवा त्याखाली द्यायचा, हे तत्त्व. हातात धरून वाकवली तर बोटांच्या जागी सहज दुमडते ती चप्पल या आजारात वाईट. पातळ रबरी स्लिपर या कसोटीवर सपशेल नापास होते. टायरच्या तळव्याची जुन्या घाटाची चप्पल, जिला शहरी लोक नाके मुरडतात, ती कडक तळव्यामुळे या रुग्णांना उलट सोसते. बुटाच्या आत घालायची कडक पट्टीही मिळते. तळव्याचा पुढचा भाग होडीच्या बुडासारखा किंचित गोलाकार असेल तर पाऊल न वाकता पुढे घरंगळते. चप्पल-बूट दुरुस्त करणारा जाणता कारागीर असा थर लावून देऊ शकतो.

खाण कामगाराच्या संरक्षक बुटाचे दोन चेहरे आहेत. त्याचा तळवा कडक असतो, हे फायद्याचे. पण पोलादी टोपणाची मागची कड नेमकी सांध्यावरच्या उंचवट्यावर येत असेल तर दर पावलाला मार बसतो. बूट न घालणे हा पर्याय खाणीत नाही आणि नसावाही. एक माप रुंद, बोटांच्या जागी खोल असा बूट मागून घेणे आणि दोरी उंचवट्याच्या वरच्या भोकांतून सैल ओवणे, एवढ्याने बराच फरक पडतो.

महिलांच्या बाबतीत एक सूचना. अंगठ्यात अणवट आणि शेजारच्या बोटात जोडवी घालण्याची पद्धत आहे. सांधा सुजू लागला की ती वेळीच काढून ठेवावीत. सूज वाढल्यावर दागिना रुततो आणि शेवटी कापून काढावा लागतो.

दुखणे वाढेल तेव्हा थोड्या दिवसांपुरती वेदनाशामक गोळी किंवा लावायचे मलम, वजन आटोक्यात ठेवणे आणि उकिडवे बसण्याऐवजी लहान पाटाचा वा स्टुलाचा वापर, हे पुढचे उपाय. सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास सुरुवातीच्या पायरीवर काही आठवडे ते काही महिने आराम मिळतो. झिजेचा वेग त्याने थांबत नाही. मधुमेही रुग्णाची साखर इंजेक्शननंतर काही दिवस चढते. जोर लावून अंगठा वाकविण्याचे मालीश मात्र टाळावे, कारण हाडाचे काटे एकमेकांवर आदळून दुखणे वाढते.

इतके करूनही चालणे कठीण झाले तर शस्त्रक्रिया. पहिल्या दोन पायऱ्यांत सांध्यावरचा हाडाचा काटा आणि डोक्याचा वरचा भाग तासून काढतात. त्यामुळे अंगठ्याला वाकायला जागा मिळते आणि सांधा शाबूत राहतो. शेवटच्या पायऱ्यांत सांधा जोडून टाकणे, म्हणजे दोन्ही हाडे स्क्रू किंवा पट्टीने कायमची सांधणे, हा सर्वांत भरवशाचा उपाय समजला जातो. क्लटन यांनी १८९४ साली त्याची सुरुवात केली. नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत हाडे नीट जुळतात आणि वेदना जाते. सांधा जोडला म्हणजे माणूस लंगडा होतो, ही भीती अनाठायी आहे. अंगठा जमिनीपासून किंचित उचललेल्या स्थितीत जोडतात, त्यामुळे सपाट जमिनीवर चालणे, सायकल चालविणे, ओझे उचलणे जमते. टाच टेकवून बसताही येते. चवड्यांवर भार देऊन उकिडवे बसणे मात्र जमत नाही. निंदण, वेचणी, चुलीपुढचे काम किंवा नमाज-पूजेतील बैठक ज्यांच्या रोजच्या जीवनात आहे, त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच हे सर्जनला सांगितले पाहिजे. परदेशी पुस्तकांत हा मुद्दा फारसा येत नाही. नंतरचे सहा ते आठ आठवडे टाचेवर भार देऊन चालावे लागते, म्हणून पेरणी किंवा वेचणीचा हंगाम सोडून तारीख घेणे शहाणपणाचे.

सांध्याऐवजी काही नवे बसविण्याचे प्रयोगही झाले. सिलिकॉनचे सांधे आले. ते झिजून हाडाला त्रास देतात असे दिसले. कूर्चेच्या जागी मऊ कृत्रिम गोळी बसविणाऱ्या ‘कार्टिव्हा’ या उपकरणाला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली, मोठा गाजावाजा झाला आणि २०२४ साली ते उत्पादक कंपनीने बाजारातून परत घेतले. जुनी, साधी शस्त्रक्रिया अजून टिकून आहे.

गाऊटची गोळी आणि रानातील कळलावी

गाऊटचा उपचार दोन स्वतंत्र भागांत चालतो आणि ते वेगळे न कळल्याने अर्धे रुग्ण वाटेतच औषध सोडतात. पहिला भाग हल्ला शमविण्याचा. त्यासाठी कोल्चिसिन, वेदनाशामके किंवा स्टेरॉइड यांतील रुग्णाला सोसेल ते निवडतात. पाय उंच ठेवणे आणि बर्फाचा शेक यांनीही आराम पडतो. कोल्चिसिन पूर्वी जुलाब होईपर्यंत देत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लहान मात्रा तितकीच गुणकारी आणि कितीतरी सोसणारी असल्याचे दिसले आणि ती प्रथा मागे पडली. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक चालू असेल तर हीच लहान गोळी विषारी ठरू शकते.

येथे एक स्थानिक धोका सांगणे आवश्यक आहे. विदर्भाच्या रानात, कुंपणांवर पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले येणारी कळलावी ही वेल सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या कंदात कोल्चिसिनच असते. ‘वातावर रानटी औषध’ म्हणून तो कंद उगाळून किंवा खाऊन पाहणे म्हणजे न मोजलेले विष घेणे होय. उलट्या-जुलाबांनी सुरुवात होते आणि नंतर मूत्रपिंड, यकृत, रक्तपेशी निकामी होऊन मृत्यू येऊ शकतो. गोळी आणि कंद यांतला फरक मात्रेचा आहे आणि मात्रा घरी मोजता येत नाही.

दुसरा भाग युरिक ॲसिड कायमचे खाली ठेवण्याचा. वारंवार हल्ले, गाठी किंवा हाडांची हानी असलेल्यांना हा लागतो. १९६६ पासून वापरात असलेली ॲलोप्युरिनॉल ही स्वस्त गोळी आजही पहिली निवड आहे. ती १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवितात. रक्तातील आकडा सहाच्या खाली जाईपर्यंत वाढवितात. सुरुवातीच्या महिन्यांत साचलेले स्फटिक विरघळू लागतात आणि त्यामुळेच एखादा हल्ला येऊ शकतो. ‘गोळीने उलट वाढले’ म्हणून ती बंद करण्याची चूक नेमकी याच वेळी होते. तो टाळण्यासाठी पहिले तीन ते सहा महिने कोल्चिसिनची लहान मात्रा सोबत देतात. अंगावर पुरळ उठले तर मात्र ॲलोप्युरिनॉल त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना गाठावे. क्वचित ही प्रतिक्रिया जिवावर बेतते.

पथ्याच्या नावाने आपल्याकडे पहिली कुऱ्हाड कोसळते ती तुरीच्या वरणावर. मग पालक, टमाटे, वांगी जातात आणि ताटात फारसे काही उरत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ४७ हजारांहून अधिक पुरुषांवर बारा वर्षे चाललेल्या अमेरिकी अभ्यासात मांस आणि मासळी यांनी गाऊटचा धोका वाढल्याचे, तर प्युरीन असलेल्या भाज्यांनी तो न वाढल्याचे दिसले. दुधाच्या पदार्थांनी तो कमीच झाला. कमी करायची तर दारू, कलेजी-वजडी, फार मटण, सुकी मासळी आणि गोड शीतपेये कमी करावीत. मजुराच्या ताटातील डाळ काढून घेण्याने त्याचे प्रथिन जाते, गाऊट जात नाही.

पुडी, उन्हाळा आणि मूत्रपिंड

अंगठ्याचे दुखणे जिवावर बेतत नाही; त्यावरचा उपचार बेतू शकतो. औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली वेदनाशामक गोळी महिनोन्‌महिने घेतली जाते. ही औषधे मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. वणी-चंद्रपूर पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, उघड्या खाणीत वा शेतात घामाने शरीरातील पाणी आटते. अशा वेळी त्याच गोळीचा आघात दुप्पट होतो. मधुमेह, रक्तदाब किंवा वय साठीपुढे असेल तर आणखीच. मूत्रपिंड मंदावले की युरिक ॲसिड बाहेर पडत नाही, म्हणजे गाऊटसाठी घेतलेली गोळी गाऊट वाढविते. बिननावाच्या ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार देशात अनेकदा उघड झाले आहेत. दोन दिवसांत जादू करणारी, चेहरा गोल करणारी, बंद केली की दुखणे उसळविणारी पुडी दिसली तर हीच शंका घ्यावी. दीर्घकाळ घेतलेली अशी पुडी एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. तीही डॉक्टरांना दाखवूनच सोडावी.

वणीच्या रुग्णाला सुरुवात गावातच करता येते. शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क केले असून ग्रामीण रुग्णालये त्यात येतात. एक्स-रे, रक्तातील साखर, क्रिएटिनिन आणि युरिक ॲसिड या चार गोष्टींवर बहुतेकांचे निदान मार्गी लागते. वेकोलिच्या कामगारांना कंपनीच्या वैद्यकीय सेवेचा आणि घुग्घुस येथील रुग्णालयाचा आधार आहे. सांध्यातील पाण्याची तपासणी किंवा शस्त्रक्रिया लागली तर यवतमाळ, चंद्रपूर किंवा नागपूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा अस्थिरोग विभाग गाठावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नेमकी कोणती शस्त्रक्रिया बसते, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधी करून घ्यावी. जाताना रोजच्या वापरातील चप्पल किंवा बूट, जुने एक्स-रे, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे आणि घेतलेली पुडी असेल तर तीही सोबत न्यावी. दुखणे ज्या दिवशी सुरू झाले आणि ज्या दिवशी थांबले, त्या तारखा दिनदर्शिकेवर लिहून ठेवलेल्या असतील तर निम्मे निदान तिथेच होते.